भंडाऱ्याचा गंज आणि चिनी लाल चकत्या

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना गंज आहे, आणि यंदाच्या वसंतात बसलेल्या धक्क्यातून अजून पुरता सावरलेलो नाही.

गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो तांबूस थर नव्हे. तो पितळेवर चढत नाही. आमच्या विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात, एवढंच. माझा जन्म भंडाऱ्याचा. आता मी जर्मनीत राहतो, हायडेलबर्ग शहराच्या रोरबाख भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहान स्वयंपाकघरात. खिडकीतून ट्राम दिसते आणि पलीकडे डोंगराची कड.

तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. तशा पत्र्याला ठोकून ठोकून मला आकार दिला. हातोड्याच्या बारीक खुणा माझ्या अंगावर अजून आहेत. बोट फिरवलं तर माशाच्या खवल्यांसारख्या लागतात. आकार आला तरी मी पुरा झालो नव्हतो. मला कल्हई व्हायची होती.

ज्यांनी कल्हई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भांडं निखाऱ्यावर चांगलं तापवतात. आत नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो आणि डोळ्यांत पाणी आणतो. मग कथलाची कांडी आतून टेकवतात. ती लोण्यासारखी वितळते. कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील भराभर सगळीकडे फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. चर्र असा आवाज होतो, आणि सोनेरी भांडं आतून रुपेरी होऊन बाहेर येतं. ही रुपेरी साय कागदाहून पातळ असते. कालांतरानं ती राखाडी दिसू लागते. दिसायला काही खास नाही.

मला नंदाताईंनी घेतलं. त्या भंडाऱ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे पती सुदामराव टपाल कचेरीत होते. त्या घरात मी खूप काम केलं. वरण उकळलं, मटणाचा रस्सा शिजवला, उन्हाळ्यात आंब्याचं पन्हं केलं. पण माझा खरा दिवस वैशाख पौर्णिमेचा. त्या दिवशी माझ्यात दूध आटायचं, तांदूळ शिजायचे, आणि बुद्धविहारात सगळ्या वस्तीला खीर वाटली जायची. आलेली मंडळी म्हणायची की नंदाबाईंच्या गंजातल्या खिरीला वेगळीच चव आहे. नंदाताई म्हणायच्या, चव गंजाची नाही, ढवळणाऱ्या हाताची आहे. मी तेव्हा थोडा खट्टू व्हायचो.

माझी कल्हई हे सुदामरावांच्या वाट्याचं काम होतं. उन्हाळा लागण्याआधी ते मला पोत्यात घालून सायकलला बांधायचे आणि कल्हईवाल्याकडे न्यायचे. काम होईपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहायचे. परत आल्यावर माझं तोंड नंदाताईंकडे करून म्हणायचे, "पाहा, चेहरा दिसते का तुमचा." त्या दोघांनी याविषयी मुलाला कधी काही सांगितलं नाही. मुलगा यशपाल वसतिगृहात होता, मग इंजिनिअरिंगला पुण्यात, मग परदेशात. घरात स्टीलची भांडी आली, कुकर आला, आणि मी वरच्या फळीवर गेलो.

यशपालचं लग्न झालं तेव्हा नंदाताईंनी मला सुनेच्या बॅगेत घातलं. आत तिखटाच्या पुड्या भरल्या आणि वर चादर गुंडाळली. सुनेचं नाव हर्षा. हर्षा हायडेलबर्गमध्ये एका संशोधन संस्थेत काम करते. पेशींमधली प्रथिनं स्वतःची घडी कशी घालतात हे ती सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तिचं बोलणं कमी आणि काम नेमकं. पण तिचं बालपण नाशिकला स्टीलच्या भांड्यांत गेलेलं. पितळ तिनं दिवाणखान्यातल्या शोभेच्या कपाटात पाहिलं होतं. इथे आल्यावर तिनं माझ्यात एकदोनदा भात केला. मग माझ्यात कांदे राहू लागले. पुढे मी कपाटाच्या माथ्यावर गेलो आणि माझ्यात कुणीतरी वाळलेली लव्हेंडरची जुडी ठेवली. धूळ बसत गेली. मी तक्रार केली नाही. भांड्याला तक्रार करता येत नाही.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी सुदामराव वारले.

नंदाताईंचं जेवण तेव्हापासून सुटलं. सुटलं म्हणजे त्या उपास करत होत्या असं नाही. ताटावर बसायच्या, दोन घास खायच्या आणि हात थांबायचा. तोंडाला चव नाही, म्हणायच्या. भंडाऱ्याच्या घरात त्या एकट्या होत्या. यशपालनं खूप आग्रह करून त्यांना काही महिन्यांसाठी इकडे बोलावलं. घरात ठरलं की आईंना आपलं काहीतरी दिसलं पाहिजे. आणि यशपालची नजर कपाटाच्या माथ्यावर गेली.

मित्रांनो, त्या शनिवारी मला केवढा आनंद झाला होता. यशपाल सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण जर्मनीत राहून त्याला इथल्या लोकांसारखी हत्यारांची आवड लागली आहे. तो बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या त्या अवाढव्य दुकानात गेला आणि ड्रिल मशीनला लावायचे तारेचे ब्रश घेऊन आला. मला बाल्कनीत मांडीवर घेतलं. आधी बाहेरून घासलं. मग आत पाहिलं आणि म्हणाला की आतून तर पार काळवंडलाय. ब्रश गरगर फिरू लागला. राखाडी भुकटी उडून खाली पडत होती. मला वाटलं, माझ्या उपेक्षेची सगळी वर्षं उडून चालली आहेत. थोड्या वेळानं मी आतून-बाहेरून सोन्यासारखा झळाळत होतो. हर्षा बाहेर आली, मला उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाली की किती सुंदर दिसतोय. तिची मुलगी उत्पला, चौथीत आहे, तिनं माझ्यात तोंड वेडंवाकडं करून पाहिलं आणि हसली.

नंदाताई आल्या तेव्हा मी बैठकीच्या खोलीत टेबलावर होतो. माझ्यात संत्री रचून ठेवली होती. नागपूरची कुठली, स्पेनची होती, पण संत्रीच. नंदाताईंनी कोटही काढला नाही. माझ्या अंगावरून बोटं फिरवली, हातोड्याच्या खुणा चाचपल्या, आणि यशपालला विचारलं की आरशासारखा कसा केला रे याला. यशपाल नुसता हसला. इतका समाधानी मी त्याला क्वचितच पाहिलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात दारासमोरच्या पायऱ्यांवर दंव गोठलं होतं. नंदाताई घसरल्या आणि त्यांचा घोटा दुखावला. पायाला गुडघ्यापर्यंत कडक बूट चढला. त्यांचं सगळं जग खिडकीजवळच्या खुर्चीत आलं. स्वयंपाकघर बैठकीच्या पलीकडे, मध्ये दार. संत्री संपल्यावर मी तिथल्या ओट्यावर गेलो होतो, आणि त्या तिथवर येऊ शकत नव्हत्या.

आणि जेवत तर नव्हत्याच. हर्षानं पिठलं करून पाहिलं, झुणका करून पाहिला, पातोड्यांचा रस्साही केला. नंदाताई प्रत्येक वेळी छान झालं म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. त्यांच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरू लागल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शरीरात काही दोष नाही असं सांगितलं. एक दिवस नंदाताई शांतपणे म्हणाल्या की पाय बरा झाला की मला परत पाठवा.  यशपाल नंतर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला आणि हर्षाला म्हणाला, "तिकडे रिकाम्या घरात तिला कोण खाऊ घालणार? ती परत गेली तर संपेल, हर्षा."

अशा दिवसांत त्या लाल चकत्या घरात आल्या.

हर्षाच्या प्रयोगशाळेत शाओयुन नावाची एक चिनी संशोधक आहे. दोघी दुपारी एकत्र जेवतात. हर्षानं तिला घरची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी शाओयुननं गुलाबी कागदात गुंडाळलेल्या काही नळ्या आणल्या. प्रत्येक नळीत नाण्यांच्या चळतीसारख्या पातळ, तांबड्या, गोल चकत्या. चीनमध्ये शानझा नावाचं बोराएवढं लाल, आंबट फळ होतं. हॉथॉर्न या युरोपातल्या काटेरी झुडपाची ती तिकडची जात. त्याचा गर साखरेबरोबर आटवून या गोळ्या करतात. जेवणावरची वासना उडाली की आमच्याकडे मुलांना हेच देतात, असं शाओयुन म्हणाली होती.

नंदाताईंनी एक चकती जिभेवर ठेवली. ती हळूहळू विरघळू दिली. मग म्हणाल्या, "हर्षा, हे तर बोरकूट आहे."

बोरकूट म्हणजे वाळलेल्या बोरांची पूड. शाळेच्या फाटकाशी कागदाच्या पुडीत मिळते. नंदाताई स्वतः शिकत होत्या तेव्हा ते खायच्या, आणि शिक्षिका झाल्यावर पोरांच्या हातून जप्त करून खायच्या. हे सांगताना त्या हसल्या. आणि मग त्यांनी हात पुढे केला.

"अजून एक दे."

कित्येक महिन्यांत त्यांनी मागून घेतलेला तो पहिला घास होता. हर्षा स्वयंपाकघरात आली, माझ्याशेजारी ठेवलेली नळी उचलली आणि सगळीच त्यांच्याकडे घेऊन गेली.

त्यानंतर घरात एक वेगळाच उद्योग सुरू झाला. हर्षानं ठरवलं की चिंचेच्या आणि गुळाच्या जागी या चकत्या वापरून बघायच्या. आंबट आणि गोड दोन्ही एकातच होतं. तिनं कोमट पाण्यात चकत्या भिजवल्या, कोळ काढला आणि तुरीच्या वरणात घातला. वरण गुलाबीसर झालं. उत्पला म्हणाली की हे राजकन्येचं वरण आहे. नंदाताईंनी वाटीभर खाल्लं. मग त्याच कोळात भरली वांगी झाली. शिऱ्यात केशराऐवजी चकत्यांचे बारीक तुकडे पडले. शाओयुननं सांगितलं की मांस शिजवताना हे फळ घातलं तर ते लवकर मऊ होतं, म्हणून रविवारी मटणात घातलं, आणि ते खरोखरच मऊ झालं. नंदाताई खुर्चीतून सूचना द्यायच्या. तिखट थोडं वाढव, आता झाकण ठेव, आता तेल सुटलं असेल बघ. सासूसुनांचं इतकं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

आणि हे सगळं माझ्यात शिजत होतं. नंदाताईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "त्या गंजातच कर न. पळीचा आवाज येऊ दे मले."

मी पुन्हा चुलीवर होतो. खरं तर काचेच्या शेगडीवर, पण मला ती चूलच वाटत होती.

एकदा जेवताना उत्पलानं चमचा खाली ठेवला. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. ती म्हणाली, "श्मेक्ट नाख म्युन्त्से." नाण्यासारखं लागतंय. यशपालनं विचारलं की तू कधी नाणं चाखलंस. तिनं गंभीरपणे सांगितलं की किंडरगार्टनमध्ये सगळ्यांनीच चाखलं होतं. सगळे हसले. नंदाताई म्हणाल्या की पितळेच्या भांड्यातल्या जेवणाची चव जराशी वेगळी असते, आताच्या मुलांना तिची सवय नाही. उत्पलानं ताट सरकवलं. पुढेही ती त्या भाज्या टाळत राहिली, आणि घरच्यांना ते मुलांचं नेहमीचं नखरेल खाणं वाटलं.

मित्रांनो, त्या ताटातलं खरं एका लहान मुलीच्या जिभेनं ओळखलं होतं. आम्ही सगळे हसत होतो.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी हर्षानं बऱ्याच चकत्या एकदम आटवल्या. थोडं लाल तिखट, मेथी, मोहरीची फोडणी. मेथांब्यासारखा दाट, लालभडक पाक झाला. दुसऱ्या दिवशी पोळीबरोबर खायचा म्हणून तो माझ्यातच झाकून ठेवला. शनिवारी यशपाल आणि हर्षानं तो नुसता चाखला, नंदाताईंनी मात्र आवडीनं, मागून मागून खाल्ला. यशपालनं त्यांचा हसरा फोटो काढून भंडाऱ्याच्या नातेवाईकांना पाठवला.

दुपार उलटायच्या आत त्यांना उलट्या सुरू झाल्या. थांबेनात. तोंडात सारखी लाळ येत होती, पोटात पिळवटत होतं, चेहरा पांढराफटक पडला होता. आधीच त्या इतक्या अशक्त होत्या की यशपालच्या हातावरच त्यांची मान पडली. रुग्णवाहिका आली. नारिंगी जाकिटातली माणसं त्यांना खुर्चीत बांधून जिन्यावरून खाली घेऊन गेली. उत्पला कोपऱ्यात उभी होती. दार उघडंच राहिलं होतं. मी ओट्यावर, तळाशी उरलेल्या लाल पाकासकट, ते सगळं पाहत होतो आणि मला काहीही कळत नव्हतं.

हर्षा गोळ्यांचं पाकीट घेऊन दवाखान्यात गेली. घटक साधे होते, फळ, साखर, सायट्रिक आम्ल, रंग. डॉक्टरांना त्यात काही सापडलं नाही. सलाईन लावलं, उलट्या थांबल्या, आणि दुसऱ्या दिवशी नंदाताई घरी आल्या. पण यशपालला कारण हवं होतं, आणि ते त्याला समोरच दिसत होतं.

तो मोठ्यानं बोलत नाही. म्हणूनच ते जास्त लागलं. स्वयंपाकघराचं दार लोटून तो हर्षाला म्हणाला, "तुझ्या लॅबमध्ये उंदीर कमी पडले का? प्रयोग माझ्या आईवर करायचे नव्हते."

 यशपालनं सगळ्या गोळ्या बाहेर काढल्या आणि टाकून दिल्या. इतका संताप होता तरी त्यानं वेष्टनं कागदाच्या डब्यात आणि चकत्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. जर्मनीत राहून माणसाचे हात असे होतात. त्या चिनी बाईचं काही या घरात यायला नको, असंही तो म्हणाला. शाओयुनला हे कळलं. ती हर्षाबरोबर जेवायला येईनाशी झाली.

आणि नंदाताई पुन्हा जेवेनाशा झाल्या. आता तर भाताची पेजही नको म्हणू लागल्या. अन्नाची भीती बसली होती. परतीचं तिकीट कधी काढणार, असं त्यांनी विचारलं.

तीन-चार दिवसांनी घोट्याचा बूट निघाला. हर्षा त्या सकाळी मला धूत होती. इतके दिवस मी तसाच पडून होतो, कुणाला हात लावावासा वाटला नव्हता. पाकाच्या कडेला, काठापाशी, हिरवट निळं वाळलेलं एक वर्तुळ होतं. ती ते नखानं खरवडत होती. तेवढ्यात नंदाताई काठी टेकत गरम पाण्यासाठी स्वयंपाकघरात आल्या. त्या घरात आल्यापासून त्यांनी मला आतून पाहिलं नव्हतं. आधी माझ्यात संत्री होती, मग मी दाराआड होतो, आणि त्यांच्यापर्यंत नेहमी वाढलेलं ताटच पोचायचं.

त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. मग हात घातला आणि तळव्यानं तळ चाचपला.

"अगं हर्षा, याची कल्हई कुठं गेली?"

हर्षाचे हात साबणातच थांबले.

"कल्हई?" दारातून यशपालनं विचारलं. "ते आतलं राखाडी होतं ते? ते मी काढलं, आई. काळं पडलं होतं. तुला चकचकीत दिसावा म्हणून."

 नळ चालू होता, तो बंद करायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. नंदाताईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मी विसरणार नाही. राग नव्हता. समोर उभ्या असलेल्या मुलाकडे त्या अशा पाहत होत्या, जसं एखादं लेकरू नुकतंच गाडीखालून वाचलं आहे.

मला स्वतःला काय वाटलं ते कसं सांगू? तो थर माझा मळ नव्हता. ती माझ्या आणि माणसांच्या मधली भिंत होती. तांबं आंबट पदार्थात विरघळतं. कथील ते होऊ देत नाही. ज्या दिवशी मी सोन्यासारखा झालो, त्या दिवसापासून माझ्यात जे जे आंबट शिजलं त्यात मी थोडा थोडा उतरत होतो. आणि रात्रभर मुरलेल्या त्या पाकात तर खूपच. माझा हिरवेपणा त्या लाल रंगाखाली झाकला गेला होता. ज्या घासानं नंदाताईंना जगावंसं वाटू लागलं होतं, त्याच घासातून मी त्यांच्या पोटात गेलो होतो.

हर्षाला हे रसायनशास्त्र पाठ होतं. विद्यार्थ्यांना ती ते शिकवत असे. पण घरी त्या भांड्याकडे तिनं सुनेच्या नजरेनं पाहिलं होतं. तिनं लगेच कुणाला काही म्हटलं नाही. खात्री केल्याशिवाय ती बोलत नाही. पाकाचा रंग मध्ये नको म्हणून तिनं नुसतं सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवलं. किटलीतला चुना काढायला ते इथे सगळ्यांच्या घरी असतंच. अर्धं पाणी माझ्यात ओतलं, अर्धं स्टीलच्या पातेल्यात, आणि दोन्ही झाकून ठेवली. संध्याकाळी दोन्हींतलं पाणी वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत काढलं. मग खिडक्या पुसायचा अमोनिया घेतला, पाण्यात तांबं उतरलं असेल तर त्यानं रंग बदलतो, आणि दोन्हींत थेंब थेंब सोडू लागली. यशपाल, नंदाताई, उत्पला सगळे टेबलाभोवती होते.

स्टीलमधलं पाणी होतं तसंच राहिलं.

माझ्यातलं पाणी निळं झालं. शाईसारखं, गडद, सुंदर निळं.

"काय सुंदर आहे," असं उत्पला जर्मनमध्ये म्हणाली, आणि मोठ्या माणसांचे चेहरे पाहून गप्प झाली.

यशपाल त्या पेल्याकडे बघत होता. त्याच्या हातात तो ब्रश नव्हता, पण बोटं तशीच वळलेली होती. "मी स्वतःच्या हातानं..." तो म्हणाला. मग हर्षाकडे वळून म्हणाला, "उंदरांचं जे बोललो ना..."

"नंतर," हर्षा म्हणाली. "आधी डॉक्टरांना कळवू."

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. आता लक्षणं जुळतात, म्हणाले. शरीर इतकं तांबं बाहेर टाकतं, घाबरू नका, मात्र त्या भांड्यात पुन्हा काही शिजवू नका. रक्ताची एक तपासणी करून घेतली, ती ठीक आली.

त्या रात्री मला पुन्हा कपाटाच्या माथ्यावर ठेवलं जाईल, नाहीतर भंगारात देतील, असं मला वाटलं. मला ते योग्यच वाटलं असतं. पण नंदाताई म्हणाल्या, "यशपाल, हे काम तुझ्या बाबांचं होतं. दरसाल सायकलला बांधून न्यायचे. आम्ही तुले कधी सोबत नेलंच नाही. तू अभ्यास कर म्हटलं." आणि मग सुदामराव गेल्यानंतर पहिल्यांदा त्या मुलासमोर रडल्या.

जर्मनीत कल्हईवाला गल्लीत हाक देत येत नाही. यशपालनं शोध घेतला. ओडेनवाल्डच्या डोंगरात एका खेड्यात एक कारागीर हॉटेलांची तांब्याची भांडी आतून कथलानं मढवून देतो, असं कळलं. शनिवारी सगळे गाडीनं गेले. मी यशपालच्या शेजारच्या सीटवर होतो आणि त्यानं मला पट्टा लावला होता. उत्पलाला त्याचं फार हसू आलं. कारागिरानं मला तापवलं, पूड टाकली, आणि पांढरा धूर उठला.

नंदाताईंनी डोळे मिटून श्वास घेतला. "नवसागर," त्या म्हणाल्या.

कारागिरानं डबा दाखवत त्याला जर्मनमध्ये झाल्मियाक म्हणतात असं सांगितलं. उत्पला चकित झाली. खालच्या मजल्यावरचे म्हातारे आजोबा खातात त्या काळ्या खारट गोळ्यांत हेच असतं, ती म्हणाली. मग तिनं आजीला मराठीत विचारलं, शब्द जोडत जोडत, "आजी, तू पण खाल्लंस का ते?" नंदाताई म्हणाल्या की नाही, आम्ही ते गंजाला खाऊ घालतो.

यशपाल पूर्ण वेळ भट्टीजवळ उकिडवा बसून होता. काम झाल्यावर त्यानं मला उचललं आणि माझं तोंड आईकडे केलं. त्याला ठाऊक नव्हतं की त्याचे वडील नेमकं हेच करायचे. नंदाताईंनी वाकून माझ्यात आपला चेहरा पाहिला.

वैशाख पौर्णिमेला घरात खीर झाली. माझ्यात, नंदाताईंच्या हातची. सकाळीच यशपाल शाओयुनकडे जाऊन आला होता. काय बोलला ते मला माहीत नाही, पण ती आली, आणि येताना गुलाबी नळ्या घेऊन आली. ती म्हणाली की आमच्याकडे ही फळं लोखंडात शिजवत नाहीत, काळी पडतात, भांडं कोणतं ते मी तुला विचारायलाच हवं होतं. हर्षानं सांगितलं की ते मलाही सुचायला हवं होतं. आता त्या घरात नियम आहे. चकत्यांचं वरण, वांगी, पाक, सगळं स्टीलमध्ये. माझ्यात आंबट काही नाही आणि रात्रभर ठेवणं तर मुळीच नाही. पण उत्पलाचा हट्ट होता की खिरीत लाल चकत्या हव्यातच. हर्षानं आधी वाटीत करून पाहिलं. गरम दुधात टाकल्या तर दूध फाटलं. म्हणून खीर वाट्यांत काढून, पूर्ण गार झाल्यावर, वरून बारीक तुकडे पेरले. पांढऱ्यावर लाल. उत्पलानं सगळ्यांच्या आधी चाखली, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती मान हलवून म्हणाली की नाण्यासारखी लागत नाही.

मित्रांनो, मी एक साधं भांडं आहे. मला शिकवण वगैरे देता येत नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी जुना असेल तर त्याला चमकवण्याआधी एकदा आत हात घालून बघा. जो राखाडी थर तुम्हाला मळ वाटतो, तो कदाचित त्याच्या मालकिणीनं जपून चढवलेला असेल. तिला विचारा, ती आहे तोवर. आणि घरातलं लहान मूल एखाद्या घासाला नको म्हणालं तर हसण्याआधी तो घास स्वतः चाखून बघा.

नंदाताईंचं तिकीट अजून काढलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी वाटी संपवली, चमच्यानं तळ खरवडला, आणि ती रिकामी वाटी सुनेपुढे धरली.

"अजून थोडी वाढ."

हर्षानं पळी माझ्यात घातली. पळी माझ्या काठावर वाजली, आणि खुर्चीतून नंदाताईंनी तो आवाज ऐकला.